आडात सोडलेली तार

"गाऊन राहिलाय का कण्हून राहिलाय हा डबा? कानात किडा शिरल्यावाणी झालंय," माझ्या मावसबहिणीच्या सासूबाई, धुरपताबाई, पुटपुटल्या. चूळ भरली आणि तोंड वाकडं करून थुंकल्या.

हे खरंच घडलेलं आहे. पटलं नाही तर नका मानू. पण पाण्याचा तांब्या बाजूला ठेवून वाचा.

माझ्या मावसबहिणीला, पंचशीलाला, उदगीरजवळच्या एका वस्तीत दिलं होतं. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला, त्यात दुष्काळ. जिल्हा नवा झाला, पण टँकर बहुतेक अजून जुन्याच जिल्ह्याचा पत्ता विचारत फिरत होता. वस्तीला तो काही सापडला नाही. सगळ्यांची तहान एका आडावर.

जयंतीच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ होती ती.

पंचशीलाचा नवरा व्यंकटी लाउडस्पीकरवाला. त्याच्या जुन्या, काचेच्या दिव्यासारख्या वॉलच्या अँप्लिफायरला घूंऽऽ लागलं होतं. वॉल तापवणाऱ्या हिटरच्या दोन तारा सरळ सोडल्या की भोंगा असा कण्हतो. म्हणून त्या एकमेकींत घट्ट पिळायच्या आणि पत्र्याला चिकटवून न्यायच्या. हे काम दोघी जावांचं. पंचशीला पीळ घालायची. धाकटी चांगुणा दुसरं टोक धरायची आणि सासूच्या नकला करायची.

आठ दिवसांपूर्वी चांगुणा पहाटे पाण्याला गेली होती...

परत आलीच नाही.

"गेली असंल माहेरी, इस्लापूरला," सासूबाई म्हणायच्या. चांगुणाचा नवरा नरसिंगही तेच म्हणायचा. खाली बघून.

शोधायला कुणी निघेना. पंचशीलाला तिची जाऊ हवी होती, बाकी काही नको होतं. पण ती विषय काढायची आणि सगळ्यांना एकदम कामं आठवायची.

पाण्याला वास यायला लागला होता. "तळाचं पाणी असंच ऱ्हातंय," लोक म्हणायचे. फडकं दुहेरी करून गाळायचे. आडात वाकून कुणी बघत नव्हतं. मान फिरवून दोर ओढायचे.

त्या संध्याकाळी पंचशीलानं तारांचं एक टोक दाराच्या कडीला बांधलं आणि पीळ घालायला लागली.

तर कडीकडूनही पीळ पडत होता...

कुणीतरी टोक धरल्यासारखा.

तिनं वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं. कडी ओली होती. हात लावला तर चिकट. बोटं हुंगली. सडक्या मासळीचा वास.

नव्या तारा जोडल्या. तरी घूंऽऽ जाईना.

"आर्थिंग धरून न्हाई राहिलं," व्यंकटी म्हणाला. "भुई कोरडी ठणठणीत. ओल हाय ती एका आडात. तार तिथंच सोडतो."

"आडात नको!" नरसिंग ओरडला.

"का रं? आड काय तुझ्या सासऱ्यानं आंदण दिलाय?"



तारेला दगड बांधून व्यंकटीनं ती आडात सोडली. बटण दाबलं. वॉल लाल झाले.

घूंऽऽ थांबलं.

अगदी शांत...

मग भोंग्यातून आवाज आला. बुडबुड. बुडबुड. मागोमाग काचेच्या बांगड्या वाजल्या. आणि मग कुणीतरी पाणी पिऊ लागलं. घटघट... घटघट... सगळी वस्ती दारात येऊन उभी राहिली.

व्यंकटीनं करंटची वायर उपटली.

वॉल लालच राहिले. घटघटही चालूच.

आर्थिंगची तार करंट खाली नेते, आवाज वर आणत नाही. पंचशीलानंच मला हे शिकवलं. मग तो आला कुठून? आजही विचारलं की तिला एकदम काम आठवतं. मीही मग जास्त विचारत नाही.

ती आडाकडे धावली आणि तार ओढू लागली. तार बुळबुळीत होती. हातातून निसटत होती.

"वैनी, सोडा!" नरसिंग मागून म्हणाला.

तिनं सोडली नाही.

टोक वर आलं. त्याला केस होते. लांब, काळे. तारेभोवती घट्ट पिळलेले... जसा ती स्वतः पीळ घालायची, अगदी तसे. केसांच्या बुडाशी पांढरं, मऊ, लिबलिबीत काहीतरी लोंबत होतं.

पंचशीला तिथंच ओकली. ओकताना पोटातून आलं ते त्याच आडाचं पाणी, त्याच वासाचं. म्हणून परत ओकली.

"शेवाळ हाय," नरसिंग म्हणाला.

"हाव, शेवाळच," गर्दीतून कुणीतरी घाईनं म्हणालं.

कुणी कुणाकडे बघत नव्हतं. एका बाईनं पदरानं तोंड पुसलं. पुसतच राहिली.

धुरपताबाई आडाच्या काठाशी मटकन बसल्या.

"कशाचं शेवाळ रं?" त्या म्हणाल्या. "माहेरी न्हाई गेली ती. आडात हाय माझी चांगुणा. आन आपण समदे तिलाच पिऊन राहिलो."