पाकिटातला दाखला

पाकिटावरची चिकटपट्टी पाहताच सुमनबाई थबकल्या.

पट्टीचं टोक सपाट चिकटलं होतं. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेल्या सुमनबाई टोक नेहमी आत दुमडत, म्हणजे नखानं उकरावं लागत नाही. कालही दुमडलं होतं. याचा अर्थ पाकीट कुणीतरी उघडून पुन्हा बंद केलं होतं.

आत तीन कागद हवे होते. त्यांचा अर्ज होता, मुलाचं संमतिपत्र होतं. डॉक्टरांचा दाखला नव्हता.

आज अकराला त्यांना नगरच्या वृद्धनिवासात दाखल व्हायचं होतं. जानेवारीत त्या न्हाणीत पडल्या तेव्हा घरात कुणी नव्हतं. चार तास त्या गार फरशीवर पडून होत्या. हाकेला ओ मिळेल तिथं राहायचं, हे त्यांनी तिथंच ठरवलं होतं.

पारनेरच्या या घरात त्यांच्याशिवाय दोघंच. मुलगा प्रशांत मुख्याध्यापक. संमतिपत्रावर त्यानं हसत सही केली होती. सून माधुरी मात्र पहिल्या दिवसापासून विरोधात.

सुमनबाईंनी आधी एक फोन केला. मग सुनेला हाक मारली.

"माधुरी, पाकिटातला एक कागद गेलाय. तू घेतलास?"

"न्हाई, आई."

"तुला माझं जाणं नको हाय."

"नकोच हाय! ते तुमच्या तोंडावर सांगितलंय. मग चोरी कशाला करू?" माधुरीचा आवाज चढला. "कुठला कागद गेला?"

सुमनबाईंनी पाकीट मिटून बाजूला ठेवलं. तेवढ्यात प्रशांत अंघोळ करून आला.

"प्रशांत, पाकिटातला एक कागद गेलाय."

"अरेरे!" तो टॉवेल झटकत म्हणाला. "आता कसं? डॉक्टर तर सोमवारपर्यंत लग्नाला गेलेत. पुढच्या महिन्यात बघू, आई."

सुमनबाईंनी चष्मा काढून पुसला.

"दाखला कुठं हाय?"

"मला काय माहीत?"

"कागद गेला, एवढंच मी बोलले. माधुरीनं विचारलं, कुठला? तू विचारलं न्हाईस. थेट डॉक्टरांवर आलास. दाखलाच गेलाय, हे घेणाऱ्याशिवाय कुणाला ठाऊक?"

प्रशांत खाली बसला. "बंबात घातला," तो पुटपुटला.

"तोंडावर नको म्हणाला असतास तर भांडले असते. सही कशाला केलीस?"

"आई, आईबापाच्या सेवेवर मी गावोगाव भाषणं देतो. लोक म्हणतील, यानंच आईला वृद्धाश्रमात टाकलं."

"टाकायला मी गाठोडं हाय का रे? माझ्या पायानं चाललेय."

"पण दाखला…"

"मघाशी फोन केला तो तिथंच. त्यांचे डॉक्टर आज मला तपासणार हायेत."

"मग एवढी उलटतपासणी कशाला?"

"घरातलं कोण हसत हसत पाय ओढतंय, ते कळल्याबिगर उंबरा ओलांडायचा नव्हता."

माधुरीनं बॅग उचलली. "आई, मला अजून पटलेलं न्हाई. पण गाडी मी चालवते."

दारात शेजारच्या बनुबाई उभ्या होत्या. "सुमनताई, सकाळी सकाळी कुठं?"

प्रशांतनं मान खाली घातली.

"वृद्धाश्रमात!" सुमनबाई अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मीच निवडलाय. रविवारी बघायला या!"