वाढत्या अंगाचा झगा

सुरुवात अगदी साध्या कामानं झाली. दिवाळी होऊन आठवडा उलटला होता, कापसाच्या बैलगाड्या जैनथच्या रस्त्यानं आदिलाबादकडे निघाल्या होत्या, आणि घरी शिवणकाम करणाऱ्या चारुशीलाच्या दारात मिशनच्या दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पांढरं साटीन.

"क्रिसमस के लिए एक झगा सिलवाना है," त्या म्हणाल्या. "हमारे बालयेशू का."

सिस्टर मूळच्या केरळच्या. पण पंचवीस वर्षं इकडे काढलेली, त्यामुळे हिंदी, तेलुगू, मराठी सगळं एकाच पातेल्यात शिजवून बोलायच्या. दवाखान्याला लागून त्यांचं छोटं प्रार्थनाघर होतं. लेकीला, मिनूला, लस टोचायला नेलं तेव्हा चारुशीलानं दारातूनच बालयेशूची मूर्ती पाहिली होती. लाकडाची, रंगवलेली. डोक्यावर मुकुट, डाव्या हातात पृथ्वीचा गोळा, उजव्या हाताची दोन बोटं आशीर्वादाला वर. थाट सगळा राजाचा, पण गाल आणि मनगटाच्या वळ्या कुठल्याही घरच्या लेकरासारख्या.

"सणाला पांढरा, उपासाला जांभळा, बाकी साध्या दिवसांत हिरवा," सिस्टर सांगत होत्या. "त्याला पण कपडे बदलायला आवडतं."

चारुशीलाला बरं वाटलं. नांदेडला तिची आई देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला असेच अंगरखे शिवायची, उन्हाळ्यात मलमलीचे, थंडीत मखमलीचे.

"माप आणलंय का?"

सिस्टरांनी कपाळावर हात मारला. मग त्यांची नजर दुपट्यावर निजलेल्या मिनूकडे गेली. "हिच्या एवढाच आहे. बिलकुल इतना ही."

मिनू तेव्हा पाच महिन्यांची. चारुशीला बी.एस्सी. झालेली, नवऱ्याची, व्यंकटेशची, वीज खात्यात इथं बदली झाली म्हणून या गावात आलेली. पण मिनू झाल्यापासून तिचं सगळं शास्त्र पातळ झालं होतं. मिनू रडली की ती घाबरायची, नाही रडली की जास्त घाबरायची. नाकाशी बोट धरून श्वास चाललाय ना ते बघायची आणि मग स्वतःलाच म्हणायची, बाई, एवढी पुस्तकं वाचून तू नेमकं शिकलीस काय?

सिस्टर गेल्यावर तिनं टेप घेतली आणि निजलेल्या मिनूचं माप काढलं. खांद्यापासून पावलापर्यंत किती, छाती किती, बाही किती. डोक्यापासून टाचेपर्यंत सबंध लांबी साडेचोवीस इंच.

"काऊन वं चारूबाई, निजल्या लेकराले मोजून राह्यली?"

दारात सोजरबाई. शेजारची, रोज मिनूला तेल लावून न्हाऊ घालणारी. तिच्या हाताखालून गावातली निम्मी लेकरं गेलेली.

"झगा शिवायचाय. मिशनच्या बाळाचा."

"झगा त्या बाळाचा अन् माप ह्या बाळाचं? असं करत नाई बाप्पा. निजल्या लेकराले मोजलं का थांबते."

"काय थांबतं?"

"आता काय थांबते ते मी का मोजून पाह्यलं?" म्हणून सोजरबाई स्वतःच खो खो हसली, आणि गोष्ट तिथंच राहिली.

लेकरांचे कपडे कुणीही वाढत्या अंगाचे शिवतं. खाली चार बोटं दुमड, बाजूच्या शिवणीत जास्तीचं कापड. पोर वाढलं की उसवायचं आणि सैल करायचं. चारुशीलाही तसंच शिवायची. पण हे लेकरू लाकडाचं, ते काय वाढणार! तिनं नेमक्या मापावर कातर चालवली. कुठंही दोरा जास्त नाही, की बोट जास्त नाही.

झगा झाला तेव्हा बसतो कसा ते बघायला तिनं तो मिनूला घातला. खिडकीतून दुपारचं ऊन आलं होतं. पांढऱ्या साटीनमध्ये मिनू झोपेतच हसली आणि चारुशीलाला भरून आलं.

"अशीच राहा गं," ती पुटपुटली. "एवढीच राहा."

सगळ्याच आया म्हणतात. तीही म्हणाली.

दवाखान्यात दर महिन्याला वजन करून कार्डावर टिंब मांडत. कार्डावरचं तेलुगू तिला अजून अडखळत वाचावं लागे, पण टिंबांची भाषा कळत होती. नोव्हेंबरात सहा किलो दोनशे. डिसेंबरात सहा दोनशे. जानेवारीत सहा दोनशे. चढत आलेली रेघ एकदम आडवी झाली होती.

"काटा बिघडला असेल," व्यंकटेश म्हणाला. "आमच्या खात्याचे मीटर तरी कुठं खरं बोलतात?"

आदिलाबादच्या डॉक्टरांनी छाती तपासली, पोट दाबलं. ताप नव्हता, खोकला नव्हता. थांबून पाहू म्हणाले. चारुशीलानंही आधी दोष स्वतःलाच दिला. दूध कमी पडत असेल, नजर चुकली असेल, आईपण जमत नसेल.

मग एका रविवारी ती मिनूची नखं काढायला बसली. चिमुकला हात हातात घेतला, आणि थांबली. काढायला नखं नव्हतीच. आधीच्या रविवारी? तेव्हाही नव्हती. आठवत आठवत ती मागे गेली... शेवटची नखं तिनं दिवाळीनंतर काढली होती. झगा शिवायच्या आधी.

तिनं टेप आणली. साडेचोवीस इंच.

त्या दिवशी सोजरबाई नेहमीसारखं तेल लावत होती, पण बोलत नव्हती. सोजरबाई गप्प, हेच एक नवल. बऱ्याच वेळानं ती हळूच म्हणाली, "चारूबाई, तेल मुरून नाई राह्यलं. वरच राह्यते. पाटावर ओतल्यावानी..."

चारुशीलानं वाकून मिनूच्या मानेचा वास घेतला. दुधाचा नव्हता, तेलाचाही नव्हता. विझलेल्या मेणबत्तीचा होता. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की मिनू कित्येक दिवसांत रडलेली नाही. निजली होती, गोड, गुळगुळीत. उजवा हात कानाशी वर होता. आणि त्या हाताची दोन बोटं सरळ, बाकीची मिटलेली.

दोनच दिवसांनी सिस्टर आल्या. हातात हिरवं कापड आणि चेहऱ्यावर संकोच.

"तुमचा झगा इतका नेमका बसला की आता निघत नाही. नाताळ होऊन महिना झाला, हिरवा घालायचा आहे. आम्ही दोघी-तिघींनी ओढून पाहिलं... चमडी जैसा चिपक गया है."

चारुशीलानं निजलेल्या मिनूला उचलून मांडीवर घेतलं.

"खरं तर तोही मोठा झाला होता," सिस्टर मिनूच्या गालाला बोट लावत म्हणाल्या. "सुतारकाम शिकला, गावोगाव चालला. पण लोकांना तो लहानच हवा. आया येतात, त्याच्याकडे बघतात आणि म्हणतात, माझं बाळ असंच राहू दे." बोलता बोलता त्यांनी बोट मागे घेतलं आणि ते दुसऱ्या हातात धरून ठेवलं, गार वस्तूला लागल्यासारखं.

"सिस्टर, झगा मी उसवते," चारुशीला म्हणाली. "उद्या येते. हिरवाही उद्याच घेऊन येते."

संध्याकाळभर मशीन चाललं. या वेळी तिनं माप कुणाचंच घेतलं नाही. अंदाजानं सैल कापलं, खाली चार बोटांची दुमड ठेवली, बाजूंना भरपूर कापड सोडलं. कागदाच्या कपट्यावर फक्त उंची लिहून ठेवली, तयार झगा खांद्यापासून बावीस इंच.

व्यंकटेशनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, लोक काय म्हणतील? बी.एस्सी. झालेली बाई..."

"प्रमाणपत्र घरीच ठेवून जाते," ती म्हणाली. "पण जाते."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आणि सोजरबाई बसमधून फाट्यावर उतरल्या. पुढं पायवाट. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या वाळक्या पऱ्हाट्या, वाऱ्यानं एकमेकींवर घासत होत्या. दवाखान्यात रांग होती, सिस्टरांनी नुसती किल्ली दिली. सोजरबाई मिनूला घेऊन पायरीवर बसली.

"मी आत येत नाई. देव कोनताबी असो, लेकरू आज त्याच्या नजरेखाली नको. तू जा. अन् काम पुरं करून ये."

आत अंधार होता. धूळ येऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या, वरच्या एका काचेतून तेवढा उजेड खाली येत होता. चुन्याचा ओलसर वास, आणि त्यावर मेणाचा. तोच वास. तिच्या मिनूच्या मानेचा.

कोनाड्यात तो उभा होता. पांढऱ्या झग्यात, दोन बोटं वर. चारुशीला स्टुलावर चढली. पाठीची शिवण चाचपली. साटीन खरोखरच लाकडाला घट्ट धरून बसलं होतं आणि बाहेर थंडी असूनही ते कोमट लागत होतं. तिनं ब्लेड काढलं आणि पहिला टाका कापला.

बाहेर मिनू किंचाळली.

दोन-अडीच महिन्यांत पहिल्यांदा. चारुशीलाचा हात तरीही पुढं गेला. दुसरा टाका. पुन्हा किंकाळी. तिसरा. प्रत्येक टाक्याला एक, तंतोतंत.

"चारूबाई...!" सोजरबाईचा आवाज फाटला होता. "काय करून राह्यली तू? पोरगी निळी पडून राह्यली!"

चारुशीला थांबली.

तिचं ब्लेड थांबलं तसं बाहेरचं रडणंही थांबलं. हुंदका नाही, उचकी नाही. पऱ्हाट्यांची घासणीही ऐकू येईना. त्या शांततेत तिला कळलं की हात आवरला तर ही शांतता आपल्याला आयुष्यभर कडेवर घेऊन फिरावी लागेल. सुंदर, गुळगुळीत, साडेचोवीस इंच.

"रडू द्या तिला!" ती ओरडली. "सोजरबाई, घट्ट धरा आणि रडू द्या!"

मग सोजरबाईचा आवाज आला, रडका पण खंबीर. "धरलं वं! आता थांबू नको!"

मग ती थांबली नाही. मानेपासून कमरेपर्यंत, कमरेपासून खाली. मिनू ओरडत होती, चारुशीलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ब्लेड टाक्यामागून टाका घेत चाललं होतं. एकदा बोट कापलं, तिकडं तिनं पाहिलंही नाही. मूर्तीचे काचेचे डोळे तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत होते.

"चूक माझी आहे, बाळा," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "तुलाही मोठं व्हायचं असेल. मीच नेमकं शिवलं."

शेवटचा टाका तुटला आणि झगा एका लाटेत घसरून खाली पडला. कोनाड्यातून कुणीतरी खोल श्वास सोडल्यासारखा आवाज आला... साटीनचा असेल. तिनं घाईनं हिरवा झगा चढवला. तो सैल होता. मूर्तीची पावलं झाकून खाली लोळत होता. तिनं त्याच्या लाकडी गालावरून हात फिरवला आणि बाहेर धावली.

मिनू लालबुंद झाली होती, घामानं भिजली होती, भुकेनं तळमळत होती. छातीशी घेताच तिनं असं ओढलं की चारुशीला कळवळली. इतकं गोड दुखणं तिला कधी ठाऊक नव्हतं.

सोजरबाई गालावर हात धरून बसली होती. हात काढला तर चार लाल ओरखडे. "पाह्य वं," ती दबक्या आवाजात म्हणाली. "सकाळी नखं नव्हती ना हिले?"

चारुशीलानं मिनूची मूठ उघडली. नखं वाढून वळली होती.

फेब्रुवारीत टिंब सात किलोवर गेलं. रेघ पुन्हा चढू लागली. होळीपर्यंत दात, उन्हाळ्यात रांगणं, पावसाळ्यात भिंत धरून उभं राहणं. चारुशीलानं झबल्यांच्या दुमडी एकामागून एक उसवल्या आणि "अशीच राहा" हे शब्द पुन्हा कधी तोंडावर येऊ दिले नाहीत. पांढरा झगा तिनं चुलीत जाळला होता.

त्यानंतरच्या नोव्हेंबरात, दिवाळी होऊन बरेच दिवस झाल्यावर, मोठ्या सिस्टर पुन्हा दारात आल्या. हातात हिरवा झगा, घडी केलेला.

"आखूड झाला," त्या म्हणाल्या. "उपास, सण उरकून जूनपासून पुन्हा हाच अंगावर आहे. आता घोट्याच्या वर चार बोटं येतो. धुण्यात आटला असेल ना?"

चारुशीलानं डब्यातून कागदाचा कपटा काढला आणि झग्याला टेप लावली. बावीस इंच. शिवला तेवढाच. कापड दोऱ्याभरही आटलं नव्हतं.

तिनं मान वर केली. सिस्टर तिच्याकडे बघत नव्हत्या, खिडकीबाहेर बघत होत्या.

"प्रार्थनाघराला बाहेरून कुलूप असतं," त्या हळूच म्हणाल्या. "किल्ली माझ्याच कमरेला असते."

मिनू दुडुदुडु चालत आली आणि आईच्या मांडीवरचा झगा ओढू लागली. चारुशीलानं तिला कुशीत घेतलं, ब्लेड काढलं आणि शांतपणे खालची दुमड उसवायला सुरुवात केली. चार बोटं सुटली. तेवढ्यानं या वर्षाचं भागलं असतं.

"पुढच्या खेपेला कापड जास्त आणा, सिस्टर," ती म्हणाली.

मग झगा पूर्ण उलगडला तेव्हा तिला ते दिसलं. समोरच्या बाजूला, बरोबर गुडघ्यांच्या जागी, दोन गोल डाग. कापड तिथं घासून विरलं होतं, रांगणाऱ्या पोराचं विरतं तसं, आणि त्यात काळी माती बसली होती. ठिगळ लावावं लागणार होतं, आतून, जाड कापडाचं. तिनं डागावर बोट टेकवलं.

पाऊस जाऊन दीड महिना झाला होता. शेतांना भेगा पडल्या होत्या. आणि गुडघ्यांवरची ती माती अजून ओली होती.