न ऐकलेली ओ

दिवा बारीक करा, मोबाइल पालथे ठेवा. आणि मधेच ‘मग काय झालं’ असं कुणी विचारायचं नाही, सांगणार आहेच मी.

आमच्या ओळखीत एक जण होता. त्याला सगळे दुर्बीण म्हणत. गळ्यात कायम दुर्बीण, पण घरात स्वतःचा चष्मा बायकोनं शोधून द्यायचा. रस्ता किंवा इमारत होण्याआधी त्या जागेवर कोणते पक्षी-प्राणी राहतात ते बघायचं आणि इथे हात लावा, इथे लावू नका, असं सांगायचं, हे त्याचं काम.

गावाबाहेरच्या नव्या रस्त्यात एक म्हातारं झाड येत होतं. वर मोठी ढोली. त्यात घुबड आहे का हे बघायची रीत साधी. सकाळी झाडाखाली विष्ठेचे पांढरे शिंतोडे शोधायचे. रात्री स्पीकरवर घुबडाचा आवाज लावायचा, मग बंद करून गप्प उभं राहायचं. घुबड असलं तर ओ देतं.

दुर्बीण सकाळी गेलाच नाही. उलट दुपारीच कंत्राटदाराला फोनवर सांगून मोकळा झाला, तिथे काही नाही, झालंच समजा. रात्री गेला, स्पीकर लावला, तर ढोलीतून ओ आली. चांगली खणखणीत. आता शब्द फिरवायचा म्हणजे मान खाली. कुठल्या तरी भिंतीवरून स्पीकरचाच आवाज परत आला असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली. स्पीकर बंद करून जरा थांबला असता तरी कळलं असतं. तो थांबला नाही.

झाड पडलं. ढोलीतून पिल्लं पडली, अजून पंखही न फुटलेली. कामगारांनीच त्याला हे सांगितलं. त्याला इतकी लाज वाटली, की बायकोलाही सांगायची हिंमत झाली नाही.

पुढे डिसेंबरातला पहिला शनिवार. रात्रीचे अकरा वाजून गेलेले. नवरा-बायको मेहुणीकडून जेवून परत येत होते. झाडाच्या जागेजवळ कुंपणाला ऑफिसचं एक यंत्र बांधलेलं होतं, ते सोडून आणतो म्हणून दुर्बीण उतरला. डांबर संध्याकाळीच पडलेलं. काळंभोर. त्याच्या कडेकडेनं तो गेला. बायको गाडीतच बसली, काच खाली करून.

“अहो, तुमचा तो स्पीकर चालू राहिलाय.”

“कुठला?”

“घुबडाचा. मघापासून ओरडतोय.”

स्पीकर घरी होता. कपाटात.

त्यानं वर पाहिलं. आवाज वरून येत होता. ढोली होती, बरोबर तेवढ्या उंचीवरून. तिथे आता नुसतं आकाश…

आवाज थांबला.

मग पुन्हा आला. कुणी न बोलावता.

“कुणाला हाका मारतंय हो ते?” बायकोनं हळूच विचारलं.

यंत्र हातातून सुटलं.

“पिल्लांना,” तो म्हणाला. आणि मग, “मी ऐकलं होतं गं. तेव्हाच ऐकलं होतं.”

…

वरचा आवाज बंद झाला. बायकोनं काच वर केली. रागावली असती तर बरं, असं त्याला घरापर्यंत वाटत राहिलं.

रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. उजाडताच तो एकटाच तिथे गेला. जायला हवं होतं त्या वेळी, म्हणजे सकाळी, पहिल्यांदाच. वर फांदी नाही, खांब नाही, तारसुद्धा नाही. डांबरावर अजून कुणाचं पाऊल पडलेलं नव्हतं.

आणि झाड होतं बरोबर त्या जागी, डांबरावर, पांढरे शिंतोडे. बोट लावून पाहिलं.

ओले होते.