अठ्ठावीस मुदतवाढी

"कोण आहे खाली?"

देवघेवीच्या टेबलाखालून दोन बूट बाहेर आलेले बघून ग्रंथपाल बाईंनी फूटपट्टीच उचलली.

"मी... वायर शोधतोय," बूट म्हणाले, आणि पाठोपाठ डोकं टेबलावर आपटल्याचा आवाज आला.

अशी ही पहिली भेट. तो मुख्य कचेरीचा संगणकवाला. आजवर प्रत्येक सरकारी खातं आपापली वही छातीशी धरून बसलेलं; आता संगणकाच्या एका जाळ्यातून त्यांनी एकमेकांना विचारायचं, कळवायचं. ग्रंथालय त्यात जोडायला तो आला होता. तीन आठवड्यांचं काम.

"म्हणजे चोंबडेपणाच की!" ती म्हणाली.

"हो, पण लेखी परवानगीने," डोकं चोळत तो म्हणाला.

ती हसली... आणि आपल्याला हसू आलं याचंच तिला नवल वाटलं. चौदा महिन्यांपूर्वी वडील गेले, तेव्हापासून घरात ती एकटी. त्यांच्या उशाशी ग्रंथालयाचं एक जाडजूड पुस्तक होतं, समुद्रप्रवासाचं. खूण दोनशे चौदाव्या पानावर. पुस्तक ती परत आणेना. दर पंधरा दिवसांनी त्यांच्या कार्डावर मुदत वाढवायची. हे गैर आहे हे काय तिला कळत नव्हतं? पण मुदत वाढवली की वाटायचं, बाबा वाचतायत अजून.

रोज चहाला तो तिच्या टेबलाशी यायचा. काम काही संपेना, आणि ते संपू नये असं तिलाही वाटायला लागलं होतं. मग एका दुपारी तो यादी घेऊन आला.

"हे आजोबा बघा! अठ्ठावीस मुदतवाढी! पुस्तक वाचतायत की पाठ करतायत?"

"माझे बाबा आहेत ते."

"अरे वा! मग भेटायलाच हवं—"

"नाहीत ते आता."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. हातातला चहा तसाच गार झाला.

"उद्या चारला जोडणी सुरू होईल," कप बाजूला ठेवत तो म्हणाला. "मृत्यूची नोंद इकडे येईल. कार्ड आपोआप बंद होईल."

"तेवढं एक नाव... वगळता नाही येणार?" तिने आयुष्यात कुणाकडे शब्द टाकला नव्हता.

"येईल. दोन मिनिटांचं काम. पण मी नाही करणार." तो समोरच्या खुर्चीत बसला. "आई गेल्यावर सहा वर्षं तिच्या नावाने पत्रं येत होती. तपासणीला या, मतदानाला या. दर पत्राला ती नव्याने जायची हो. म्हणून तर या कामात पडलो मी."

"मग करा तुमचं काम!" ती फणकाऱ्याने उठली. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला ती पुस्तक घेऊनच आली. तो टेबलाशी उभा होता.

"मशीनला काय कळतंय?" तो हळूच म्हणाला. "त्याच्याआधी तुम्ही करा."

तिने पुस्तक परत आल्याची नोंद केली. कार्ड बंद करण्याचं कारण: निधन. तिने कळ दाबली. आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा ती रडली, हमसून हमसून, भर ग्रंथालयात. त्याने टेबलावर 'बंद'ची पाटी ठेवली आणि तो तिला आडोसा करून उभा राहिला.

मग त्याने सभासदत्वाचा अर्ज भरून पुढे सरकवला. "हेच पुस्तक द्या मला."

"तुम्ही तर उद्या चाललात... पुढच्या गावाला."

"तीन आठवड्यांचं काम पाच आठवडे पुरवलं मी. कशासाठी, कळलं नाही?" तो कानापर्यंत लाल झाला. "आवडता तुम्ही मला... राहू द्या ती खूण. तिथपर्यंत मी वाचतो. पुढचं दोघं मिळून वाचू."

तिने पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला.

"पंधरा दिवस."

"आणि मुदतवाढ?"

"मिळणार नाही," डोळे पुसत ती म्हणाली. "वेळेत यायचं."