ठेवणीतले टायर

चार टायर. नवेकोरे, एकदाही रस्त्याला न टेकलेले. काळ्या कापडात गुंडाळून गार, अंधाऱ्या खोलीत नऊ वर्षं जपलेले. झीज म्हणाल तर नावालाही नाही. मग पठारावरच्या शर्यतीच्या ट्रॅकचा तपासनीस यंत्रमानव त्यांना हात लावल्या लावल्या "बाद" का म्हणाला? सांगा बघू! जुईलाही काही सुचेना, आणि जुई तर रबराच्या शास्त्रज्ञाची नात.

"याचं डोकं फिरलंय," ती फणकारली. "आप्पा, सांगा ना त्याला!"

आप्पा म्हणजे तिच्या आईचे वडील. उभा जन्म त्यांनी प्रयोगशाळेत रबर शिजवण्यात घालवला. हे टायर त्यांनीच घडवलेले, आणि ती बुटकी, निळी, दोन माणसांची स्पोर्ट्स कारही त्यांचीच. एरवी रबराबद्दल कुणी चुकीचं बोललं तर त्याची धडगत नसे. आज मात्र ते टायरवरचं काळं कापड उगाच झटकत होते.

आणि दिवस तरी कुठला! उद्यापासून पठार चालक नसलेल्या गाड्यांच्या चाचण्यांना जाणार होतं. माणसाने इथे गाडी हाकायचा हा शेवटचा दिवस. "तू बारा वर्षांची झालीस की ठेवणीतल्या टायरवर तुला ट्रॅक फिरवीन," असं आप्पांनी कबूल केलं होतं. त्या एका फेरीसाठी जुईचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

"मग गाडीला आहेत तेच टायर घेऊन ट्रॅकवर जाऊ की," ती म्हणाली.

"जाता येईल," यंत्रमानव म्हणाला. त्याला सगळे मास्तर म्हणत, कारण विचारलं की तो समजावूनच सांगे. "पण दोघांची कामं निराळी. रस्त्याच्या टायरला खोल खाचा असतात, पावसाचं पाणी त्यांतून बाहेर फेकलं जातं. त्याचं रबर गार असतानाही रस्ता धरतं आणि पुष्कळ टिकतं. ट्रॅकच्या टायरला खाचा जवळजवळ नसतातच, म्हणजे जास्त रबर जमिनीला टेकतं. शिवाय ते असतं मऊ. जोरात वळणं घेऊन तापलं की डांबराच्या बारीक खडबडीत शिरतं आणि पकड (न घसरता जमीन धरून ठेवण्याची ताकद) वाढते."

"मग तेच लावून घरी का नाही जायचं?"

"घाटातून सावकाश जाताना ते तापणारच नाहीत. गार असले की झिजलेल्या चपलेसारखे घसरतात. ओल्या रस्त्यावर तर विचारूच नकोस. उलट रस्त्याचे टायर ट्रॅकवर नेले की भलतेच तापतात. खाचांमधले रबराचे ठोकळे वाकतात आणि गाडी लोण्यावरून गेल्यासारखी सरकते. म्हणून दोन कामांना दोन संच."

"पण हे ट्रॅकचेच आहेत! आणि नवे आहेत!"

मास्तरने टायरवर कठीणतामापक (बोथट सुई रबरात किती रुतते ते मोजणारं उपकरण) टेकवला. आकडा आला ब्याऐंशी. "साठच्या आत हवा होता. आकडा मोठा म्हणजे रबर कडक," तो म्हणाला. जुईने नख रोवून पाहिलं. गाडीला लावलेल्या टायरवर पुसट खूण उमटली, या नव्या टायरवर तीही नाही.

"रबर म्हणजे लांबलचक साखळ्यांचा गुंता, जुई," आप्पा एकदाचे बोलले. "साखळ्या एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून आपण मध्ये गंधकाचे पूल बांधतो. पूल थोडे, तर रबर मऊ. पण हवेतला प्राणवायू काही स्वस्थ बसत नाही. तो नवे पूल बांधत जातो. मऊपणासाठी घातलेलं तेलही हळूहळू निघून जातं. टायर पळवा नाहीतर गुंडाळून ठेवा, तो म्हातारा होतोच. गार अंधारात वेग कमी होतो. थांबत नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"शिकवलंय मी हे पोरांना. आयुष्यभर."

"मग ठेवले कशाला?"

आप्पांनी टायरवरून हात फिरवला. "तुझ्या आजीसाठी केले होते. दर हिवाळ्यात म्हणायची, अहो, चला की पठारावर. मी म्हणायचो, ट्रॅकचं नवं डांबर होऊ दे. हवा जरा नीट होऊ दे. एवढे चांगले टायर, उगाच कशाला झिजवायचे?"

आजीला जाऊन चार वर्षं झाली होती. तिच्यासाठी आणलेलं पांढरं हेल्मेट अजून डाव्या सीटवर होतं, काचेवरच्या प्लास्टिकसकट. जुईला आप्पांचा मनापासून राग आला. एवढं शिकून काय उपयोग?

तेवढ्यात आप्पांनी खिशातून फोन काढला. "मी नवे मागवतो. पुढच्या महिन्यात दुसरा एखादा ट्रॅक बघू. तू जरा थांब."

"आजीलाही असंच थांबवलंत!"

पोरगी बोलून गेली. बोलल्यावर तिला रडू फुटलं, पण शब्द काही तिने मागे घेतले नाहीत. आप्पांचा चेहरा एवढासा झाला. फोन त्यांनी खिशात टाकला आणि गाडीचं दार उघडलं.

"बस," ते म्हणाले.

जुईने हेल्मेटच्या काचेवरचं प्लास्टिक टर्रकन ओढून काढलं, हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि ती बसली.

पहिली फेरी झकास झाली. दुसऱ्या फेरीत टायर किंचाळू लागले. तिसऱ्या फेरीत दरीकडच्या वळणावर गाडीची मागची बाजू सरकली. "तापले," म्हणत आप्पांनी वेग उतरवला. ट्रॅकचे टायर लावलेल्या गाड्या त्यांना मागे टाकून सुसाट निघून गेल्या. आप्पा कडेकडेने, सायकल चालवावी तसे जात राहिले.

"तुझ्या आजीला हे वळण आवडलं असतं," ते म्हणाले.

"मग आणायचं होतंत तिला."

"हो गं. आणायचं होतं."

पुढचं वळण त्यांनी आणखी सावकाश घेतलं.

गाडीतून उतरल्यावर आप्पांनी ते चारही टायर मास्तरच्या हवाली केले. भुगा करून कुठल्या तरी शाळेच्या मैदानात घाला, म्हणाले, पोरं पडली तर गुडघे तरी फुटणार नाहीत. काळं कापड तेवढं त्यांनी घडी करून ठेवलं.

संध्याकाळच्या गार घाटात रस्त्याचे टायर पुन्हा नीट चालू लागले. जुईचा राग अजून गेला नव्हता, पण डोकं चालू झालं होतं.

"आप्पा, नवे पूल बांधूच देणार नाही असं रबर करता येईल? कितीही वर्षं ठेवलं तरी मऊ राहील असं?"

"अजून कुणाला जमलेलं नाही. तू शोध. साखळ्यांपासून सुरुवात कर, मी शिकवतो."

"कधीपासून?"

आप्पांच्या तोंडावर "परीक्षा संपू दे" आलंच होतं. ते त्यांनी गिळलं.

"आज रात्री जेवण झालं की बसू," ते म्हणाले.