पाळण्याचा तळ

आमच्या घरात भाजीचं मोठं पातेलं एकच, आणि त्या उन्हाळ्यात त्यात लाकडं शिजत होती. गंमत करत नाही. आमचे हे, चिंतामण मास्तर, मोताळ्याच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. सुट्टी लागल्यापासून चुलीवर पातेलं ठेवून त्यात बोटभर रुंदीच्या पट्ट्या उकळत बसायचे. उकळलेली पट्टी वाकते म्हणे. वाकली की गलबताच्या पोटाला बसवायची. मी तव्यावरच्या पिठल्यावर दिवस काढत होते आणि तोंडाला येईल ते बोलत होते.

गलबत मुंबईच्या एका दुकानातून आलं होतं, म्हणजे खोक्यातून सुटं सुटं आलं होतं. मलकापूर स्टेशनवरून पार्सल सोडवून हे मोटारीतून मांडीवर घेऊन आले. प्रतिमालासुद्धा, आमच्या मुलीला, एवढं जपून कधी आणलं नसेल. समुद्र यांनी जन्मात पाहिला नव्हता, मीही नाही. पण दिवाळीनंतर शाळा तपासायला नागपूरहून इन्स्पेक्टर यायचे होते. त्यांच्यापुढे टेबलावर तीन शिडांचं गलबत ठेवायचं, एवढं एकच यांच्या डोक्यात होतं.

खोक्यातलं सामान यांना पसंत पडेना. शिडांचं कापड खळ घातलेलं, कडक. ते टाकून यांनी आपलं धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर फाडलं. दोऱ्याला गाठ बसेना, तर टकळीवर बारीक सूत काढून त्याला मेण चोळलं. नांगर कथलाचा होता, तो कासाराकडून पितळेचा करून घेतला. फळ्यांचं तेवढं जमेना. पातळ, पुठ्ठ्यासारख्या, आणि त्यांवर कापायच्या रेषा नि इंग्रजी आकडे छापलेले. वैशाखात आमच्याकडे दारं फाटतात, तिथे त्या विलायती फळ्या काय टिकणार? आज चिकटवलेली पट्टी उद्या उकललेली असायची.

"जुनं लाकूड पाहिजे," हे म्हणायचे. "उन्हाळे सोसलेलं."

मग एकदा ते मिळालं. कुठून, ते मी विचारलं नाही. पातेलं लवकर मोकळं होईल यातच मला आनंद. गलबत सुरेख झालं, खोटं कशाला बोलू? काळपट तांबूस सागाचं, हात फिरवावासा वाटेल असं. लाकडी घोडीवर बसवून यांनी ते ओसरीच्या कोनाड्यात ठेवलं. कोनाड्याची भिंत आमची आणि शेजारच्या रुखमाबाईंची मिळून एकच होती.

रुखमाबाईंचं घर शेतीवाडीचं. मुलगा एकच, कडूबा. त्याच्या बायकोला, आशाबाईला, लग्नानंतर कितीतरी वर्षांनी दिवस गेले होते. रुखमाबाईंनी माहेरून आणलेला सागाचा पाळणा सगळ्या आळीत फिरायचा. त्यात निजलेलं पोर दगावत नाही असं बायका म्हणायच्या. शेवटचं मूल ज्या घरी झालं त्या घरी पाळणा राहायचा. पुढचं बोलावणं आलं की धुवायचा, हळदीकुंकू लावायचं, आत मूठभर गहू घालायचे आणि द्यायचा. रिकामा पाळणा कोणी कोणाला पाठवत नसे. आमची प्रतिमा त्यात वाढली, तेव्हापासून तो आमच्या माळ्यावर होता. ती आता शाळेत जायची.

आशाबाईला मुलगा झाला. पाळणा न्यायला कडूबा स्वतः आला आणि अंगणात उभा राहिला. मी मागच्या दारी पाळणा धूत होते. उतरवतानाच तो मला हलका लागला होता. तळ घासला तर हाताला गेरू लागला. गेरूखाली इंग्रजी आकडा होता. त्याच्या शेजारी दुसरा. कापायच्या रेषासुद्धा तशाच होत्या.

मी वर पाहिलं. हे दारात उभे होते.

"तळ कोण बघतं?" ते दुसरीकडे बघत म्हणाले. "वर गोधडी असते."

अंगणातून कडूबाने विचारलं, झालं का मास्तरीणबाई? मी तळावर गोधडी पसरली, वर गहू टाकले आणि पाळणा दिला. तो बिचारा उपकार मानत होता. माझी मान काही वर झाली नाही.

बारशाला गेले. जाणं भाग होतं. बायकांनी रीतीप्रमाणे आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवलं, झोका दिला, मग तो काढून बाळाला ठेवलं. इंद्रभान नाव ठेवलं. सगळ्या गात होत्या, मीही गात होते, आणि माझं लक्ष सगळं त्या तळाकडे. तळ टिकला. घुगऱ्या घेऊन मी घरी आले तर हे कोनाड्यासमोर उभे होते.

"मघाशी गलबत दबलं," म्हणाले. "दगड ठेवावा तसं. घोडी कुरकुरली. मग वर आलं, आणि परत जरासं दबलं. हलकं काहीतरी ठेवल्यासारखं."

बायकांच्या खोलीत वरवंटा निजवतात हे यांना कुठलं ठाऊक! मी सांगितलं नाही. उन्हाने लाकूड बोलत असेल, असं म्हणून चुलीकडे गेले.

त्यानंतर मधल्या भिंतीतून पाळण्याची कडी ऐकू यायला लागली. कर्र इकडे, कर्र तिकडे. गलबताच्या डोलकाठ्याही तशाच झुकायच्या, इकडे, मग तिकडे. यांनी घोडीखाली पाचरी मारल्या. पाचरी सैल होऊन खाली पडायच्या. मी म्हटलं, भिंतीला हादरा बसत असेल. हे म्हणाले, हादराच तो. दोघांनी एकमेकांची अशी समजूत घातली आणि जेवायला बसलो.

मग कोनाडा ओला राहायला लागला. पुसला की पांढरे कण उरायचे. मी जिभेला लावून पाहिले, मीठ होतं. पूर्णेकाठच्या विहिरी खारट असतात, पण आमच्या गावचं पाणी गोड.

एकदा कपडे वाळत घालताना रुखमाबाई माझ्याशी बोलायला थांबल्या. चेहरा उतरलेला होता. "बाळाचे दुपटे पाह्य वं माय," त्या म्हणाल्या. "वाळले का मीठ धरून राह्यले. अन् पोरगं रडत नाही. नुसतं आढ्याकडं पाहून राह्यते. अंग कसं गार लागते त्याचं."

त्याच दिवशी मी सांगायचं ठरवून त्यांच्या घरी गेले. त्यांनी पाट दिला, चहा दिला, कुंकू लावलं. तुमच्या प्रतिमाच्या पायगुणाचा पाळणा आहे, सगळं ठीक होईल, असं मलाच म्हणाल्या. मी चहा पिऊन परत आले. स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटली.

घरी यांच्यावर उखडले. मी बाई, मला नाही जमत, तुम्ही जाऊन सांगा म्हटलं.

"मास्तरने पाळणा चोरला म्हणतील."

"चोरलाच आहे."

 यांचे कान लाल झाले. मग म्हणाले, बघतो काहीतरी. यांचं बघणं कसलं असतं ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जरा डोळा लागला होता. उठले तर कोनाडा रिकामा. प्रतिमा म्हणाली, बाबा गलबत पंच्यात गुंडाळून नदीवर गेले. नळगंगेला तेव्हा पाणी नव्हतं, पण गावामागच्या डोहात असायचं. पट्ट्या कापलेल्या, वाकवलेल्या. त्या आता पाळण्याला बसणार नव्हत्या. गलबतच नाहीसं केलं की कोणी आलं तरी दाखवायला काही उरलं नाही. एवढाच हिशोब त्यांचा.

भिंतीतून कडी वाजत होती.

कर्र. कर्र.

मग थांबली.

मला एकदम वरवंटा आठवला. पाळण्यात ठेवलेलं ओझं गलबताला लागत होतं. आणि आता गलबत पाण्यात होतं.

मी तशीच अनवाणी धावले.

रुखमाबाईंच्या माजघरात आळीतल्या शालूबाई आणि आणखी दोघी आशाबाईजवळ बसल्या होत्या.  मी सरळ पाळण्याशी गेले.

पाळणा हलत नव्हता. साखळ्या ताठ झाल्या होत्या. तळ खाली फुगला होता आणि गोधडीच्या कडेने पाणी वर येत होतं, आवाज न करता.

बाळाचे डोळे उघडे होते. ओठ निळे पडले होते.

मी उचलायला गेले तर उचलेना. विहिरीतून भरली घागर ओढावी तसं ओढलं. मग सुटलं.

पालथं धरलं. पाठ थोपटली. तोंडातून पाणी आलं, आणि ते रडलं.

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आता मागे फिरायला जागा नव्हती.

"हा तळ तुमचा नाही," मी म्हटलं. "तुमचा मास्तरांनी काढला, गलबताला. मला ठाऊक होतं."

रुखमाबाईंनी बाळ माझ्या हातून घेतलं.

"काऊन नाही सांगतलं वं?"

"लाज वाटली."

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी पदराने बाळाचं डोकं पुसलं आणि माझ्याकडे पाठ केली. पाळणा रिकामाच टांगलेला होता. सगळ्यांनी पाहिला.

हे उन्हं उतरल्यावर आले. धोतर कमरेपर्यंत भिजलेलं, हातात नुसता पंचा. मी काय झालं ते सांगितलं. ऐकता ऐकता भिंतीला टेकून खालीच बसले.

"पाण्यात सोडलं तर सरळ खाली जायला लागलं," ते म्हणाले. "मग एकदम हलकं होऊन वर आलं."

"तेव्हाच मी त्याला उचललं."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "आणि मग कोणाला ठेवलं?"

"कोणालाच नाही."

"परत दबलं ना ते. बाळाएवढंच. आणि बुडालं."

इंद्रभान बरा आहे. साडीच्या झोळीत निजतो, अंग तापतं तेव्हा आळीला ऐकू जाईल असा रडतो. इन्स्पेक्टर आले नि गेले, यांनी त्यांना पोरांची चित्रं दाखवली. आळीतल्या बायका माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

पाळणा रुखमाबाईंनी दुसऱ्याच दिवशी गड्याबरोबर परत पाठवला. आत गहू नव्हते. त्याचा अर्थ मला कळला. पण गड्याकडून घेताना तो मला हलका लागला नाही, आत पोर निजल्यासारखा जड लागला.

माळ्यावर ठेवून भागलं नाही. मधल्या खोलीत टांगला आहे. दुपटं कोरडं असलं की कडी गप्प असते, म्हणून सकाळ-संध्याकाळ बदलते. परवा एक नवीन कासारीण बांगड्या भरायला आली होती. दोरीवरची दुपटी बघून कौतुकाने म्हणाली, किती महिन्यांचं आहे हो बाई?

शेजारचं आहे, मी म्हटलं, आणि दुपट्यांवरचं मीठ झटकून आत गेले.