हेही पाहा

दिवा राहू दे जवळच, सांगते. पण आधी एक ऐका. जुन्या पुस्तकांची पानं वाचून त्यांचे विषय आपणहून ठरवणारा तो प्रोग्राम माझा. एकटीचा. उगीच कशाला लाजू?

त्या दुपारी ग्रंथपाल बाई त्याची परीक्षा घ्यायला ग्रंथालयाच्या तळघरात उतरल्या. हातात मुखपृष्ठ नसलेलं एक जुनं बाड. प्रोग्राम चुकला तर काम बंद, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. याच खोलीत माझ्या वडिलांनी हयातभर हाताने विषयांची कार्डं लिहिली. कार्डाच्या तळाशी ‘हेही पाहा’ लिहून दुसऱ्या पुस्तकाची वाट दाखवायची त्यांना भारी खोड. माझ्या कामावर मात्र एवढंच म्हणायचे, “चालेल.” त्याहून जास्त काही ऐकायला जीव तुटायचा माझा. प्रोग्राम पुरा व्हायच्या आधीच ते गेले.

पहिलं पान स्कॅनरच्या काचेवर ठेवलं. उजेड सरकला. पडद्यावर आलं, ‘विषय: विहिरींचे बांधकाम.’

“बरोबर,” बाई म्हणाल्या. “आणि खाली हे काय?”

‘हेही पाहा: दुष्काळ.’

हे मी त्याला शिकवलंच नव्हतं... खोलीत तपकिरीचा वास आला, वडिलांच्या डबीचा. अंगावर काटा आला, पण खरं सांगू, छातीही फुगली.

“नवीन सोय आहे,” मी ठोकून दिलं.

दुसरं पान ठेवलं, तर पडद्यावरच्या त्याच्या चित्रात कोपऱ्यात अंगठा आला होता. पान धरणाऱ्याचा येतो कधीकधी. पण माझे दोन्ही हात कीबोर्डवर होते.

“कोणाचा हो हा...?” बाई कुजबुजल्या.

नख अर्धंच होतं. कागद कापताना गेलेलं, मी लहान असताना.

“माझ्या वडिलांचा,” मी म्हटलं. मान खाली घातली नाही.

बाईंनी मंजुरीची सही केली आणि घाईघाईने जिना गाठला. मी तिसरं पान ठेवलं. ते कोरंच होतं, तरी पडद्यावर अक्षरं उमटत गेली.

‘विषय: माझी लेक. शेरा: उत्तम.’

आणि तळाशी, ‘हेही पाहा: मागे.’

नाही पाहिलं. आजवर एकदाही मागे वळून पाहिलं नाही मी. पण तुम्ही मघापासून माझ्या खांद्यावरून मागे बघताय, ते कळतंय मला. एवढंच सांगा... हसताहेत का ते?